गिरणीच्या छतातली वायर कशी वाचायची

मुंबईच्या एखाद्या जुन्या कापड गिरणीत वीज सगळ्यात आधी कुठे पोचली असेल? हा प्रश्न विचारला की बहुतेक जण मोटारीकडे बोट दाखवतात. गिरणी म्हणजे यंत्रं, आणि यंत्रं म्हणजे मोटारी, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण जुनी वायर शोधायची असेल तर मान वर करावी लागते. गिरण्यांत वीज आधी आली ती दिव्यांसाठी. यंत्रं तेव्हा वाफेवरच चालत होती आणि पुढेही बरीच वर्षं चालत राहिली.

हा फरक फक्त तांत्रिक नाही. गॅसचे किंवा तेलाचे दिवे कापसाच्या धुळीत धोक्याचे, त्यामुळे विजेआधी गिरणीचा दिवस बहुतेक ठिकाणी उजेडाशी बांधलेला होता. उन्हाळ्यात लांब, थंडीत आखूड, सरासरी बारा तासांच्या आसपास. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या बऱ्याच गिरण्यांनी विजेचे दिवे बसवले. धंदा तेजीत होता, मागणी होती, आणि आता अंधाराची अडचण उरली नव्हती. दिवस चौदा तासांच्या पुढे गेला. १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायकांच्या आणि मुलांच्या कामाच्या तासांना मर्यादा घातली होती, पण प्रौढ पुरुषांच्या तासांना नव्हती. त्यावरून संप झाले, दंगे झाले, चौकशी समिती आणि नंतर आयोग नेमला गेला, आणि शेवटी १९११ च्या कायद्यानं कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी दिवसाला बारा तासांची मर्यादा आली. तुम्ही छताखाली उभे राहून जी सुकलेली काळी वायर बघता, ती या सगळ्या भांडणातली एक वस्तू आहे.

मी मूळची रसायनशास्त्राची. एम.एस्सी.नंतर औद्योगिक इतिहासाकडे वळले, त्यामुळे कागदांआधी माझं लक्ष वस्तूंकडे जातं. जुन्या औद्योगिक इमारतीतली वायरिंग ओळखायची कशी, तिचं वय कसं ठरवायचं आणि त्यातून इतिहासाबद्दल काय म्हणता येतं, एवढंच इथे सांगायचं आहे. उदाहरण मुंबईच्या गिरण्यांचं, कारण माझा अभ्यास तिथला आहे.

आधी शक्तीची गोष्ट, कारण तिच्याशिवाय वायरींचे थर उलगडत नाहीत. वाफेच्या गिरणीत एकच मोठं इंजिन असायचं. त्याच्या प्रचंड चाकावरून सुती दोर निघायचे आणि प्रत्येक मजल्यावरचा लांबलचक दांडा, म्हणजे लाइन शाफ्ट, फिरवायचे. हे दोर जायचे ती उंच, अरुंद जागा म्हणजे रोप रेस. शाफ्टवरून पट्टे खाली यायचे आणि साचे चालायचे. दिव्यांसाठी याच इंजिनावर किंवा शेजारच्या छोट्या इंजिनावर डायनामो लावलेला असायचा. म्हणजे सुरुवातीची बरीचशी वीज गिरणीनं स्वतः तयार केलेली, आणि बहुधा डीसी.

मग घाटातली वीज आली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधली गेली, आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज सुरू झाली. मोठे गिऱ्हाईक गिरण्याच होते. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याच्या विजेमागे मुळशीचं धरण आहे, आणि मुळशीच्या धरणामागे सेनापती बापटांनी चालवलेला शेतकऱ्यांचा सत्याग्रह आहे. गिरणीच्या भिंतीवरून जाणाऱ्या जाड केबलचं दुसरं टोक मावळातल्या बुडालेल्या शेतांत आहे, हे प्रबंधात एका वाक्यात तरी यायला हवं असं मला वाटतं. वीज आली म्हणून सगळं एकदम बदललं मात्र नाही. बऱ्याच ठिकाणी इंजिन गेलं आणि त्याच्या जागी किंवा मजल्यामजल्यावर एकेक मोठी मोटार बसली. शाफ्ट आणि पट्टे तसेच राहिले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळायला पुढची काही दशकं गेली.

आता हे इमारतीत कसं दिसतं ते बघा. पहिला थर छतात, दिव्यांचा. दुसरा थर भिंतीवरून जाणाऱ्या मोजक्या पण जाड केबलींचा, ज्या एखाद्या मोठ्या मोटारीच्या चौथऱ्यापाशी संपतात. तिसरा थर म्हणजे जमिनीतल्या चरांमधून किंवा वरच्या पाइपांतून प्रत्येक यंत्रापर्यंत उतरणाऱ्या असंख्य छोट्या जोडण्या. खात्यात उभं राहून हे तीन थर वेगळे करता आले की अर्धं काम झालं.

वायरीचा प्रकार ओळखताना एक इशारा. इंटरनेटवर जुनी वायरिंग शोधलीत तर अमेरिकेतली 'नॉब अँड ट्यूब' पद्धत पहिल्यांदा समोर येते. मुंबईच्या गिरण्यांत सामान आणि रीत ब्रिटिश होती, तेव्हा ते फोटो बाजूला ठेवा. इथे साधारणपणे भेटतात ते प्रकार असे. चिनीमातीच्या दोन तुकड्यांत पकडून नेलेल्या उघड्या वायरी, म्हणजे क्लीट वायरिंग. सागवानी पट्टीत दोन खाचा, दोन वायरींसाठी वेगवेगळ्या, आणि वरून स्क्रूनं बसवलेलं झाकण, म्हणजे केसिंग-कॅपिंग. शिशाचं पातळ आवरण असलेली वायर. जाड रबरी आवरणाची, टीआरएस किंवा सीटीएस म्हणतात ती वायर, लाकडी बॅटनवर पत्र्याच्या क्लिपांनी बसवलेली. लोखंडी पाइप, म्हणजे कंड्युट, आट्यांचे किंवा नुसते चिमट्यात बसणारे. आणि जड प्रवाहासाठी तेल पाजलेल्या कागदाचं इन्सुलेशन, त्यावर शिसं, त्यावर लोखंडी पट्ट्यांचं चिलखत असलेली केबल. पीव्हीसी हे सगळं झाल्यावर, स्वातंत्र्यानंतरच्या काळात येतं.

यातलं रबर माझं आवडतं, म्हणून थोडं थांबते. जुन्या वायरीत तांब्यावर असायचं ते गंधक घालून पक्कं केलेलं रबर, व्हीआयआर. गंधक तांब्याला सोडत नाही, त्याचं सल्फाइड करतं; आणि उलट तांबं रबराच्या ऑक्सिडेशनला वेग देतं. दोघांचं पटत नाही म्हणून मध्ये कथलाचा पातळ मुलामा. म्हणजेच सोललेल्या टोकाला तार चंदेरी दिसली तर ती लगेच ॲल्युमिनियम समजू नका. खरवडल्यावर आत तांबूस दिसलं, तर बाहेर रबर असण्याची किंवा पूर्वी असल्याची शक्यता मोठी आहे. आतही चंदेरीच राहिलं तर ते ॲल्युमिनियम, आणि मग काळ एकदम पुढे सरकतो. परकीय चलनाची चणचण असताना आयात तांब्याला पर्याय म्हणून आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या वायरी मोठ्या प्रमाणात आल्या, तो काळ १९५० च्या दशकाच्या अखेरीपासूनचा. खरवडायचं अर्थातच वीज नाही याची खात्री झाल्यावर, आणि ते कोणी करायचं हे खाली सांगते.

रबर म्हातारं कसं होतं? हवेतला ऑक्सिजन साखळ्यांमध्ये जास्तीचे दुवे तयार करतो, लवचीकपणा जातो, आणि शेवटी ते बिस्किटासारखं होतं. न हलवलेली वायर अशा अवस्थेतही वर्षानुवर्षं काम देते. हलवलीत की तुकडे पडतात आणि तांबं उघडं होतं. म्हणून जुन्या वायरीला तपासणीसाठी 'जरा बाजूला करून बघणं' हीच सगळ्यात धोक्याची कृती आहे. दिव्याच्या होल्डरजवळ आणि फ्यूजजवळ ही अवस्था आधी येते, कारण तिथे उष्णता जास्त. त्याच वायरीचा मधला भाग पाइपात मऊ असू शकतो. एका टोकावरून पूर्ण वायरीचं निदान करू नका.

वय ठरवण्याचा प्रश्न याहून अवघड, आणि संशोधक म्हणून आपल्याला तोच महत्त्वाचा. पुरातत्त्वात एक साधा नियम आहे: थरात सापडलेलं नाणं तो थर 'याआधीचा नाही' एवढंच सांगतं. वायरींना तो तंतोतंत लागू पडतो. पीव्हीसीची वायर सांगते की हे काम पीव्हीसी मिळू लागल्यानंतरचं. रबराची वायर मात्र 'पीव्हीसीच्या आधीचं' असं सांगत नाही, कारण गोदामात पडलेलं जुनं भेंडोळं कोणीही नंतर वापरू शकतं. बॅटन वायरिंग तर गिरण्यांत आणि चाळींत पीव्हीसीच्या काळातही चालूच होतं.

दुसरी गोष्ट, भांडं आणि भांड्यातलं वेगळं मोजा. लोखंडी कंड्युट १९२० च्या दशकातलं असू शकतं आणि त्यातल्या वायरी १९७० मधल्या, कारण जुन्या ओढून काढून त्याच पाइपातून नव्या ओढणं हाच तर कंड्युटचा फायदा. उलटही होतं. नव्या चकचकीत पेटीत मागून येणारी वायर आजोबांच्या काळातली निघते. माझ्या वहीत पाइप, वायर, टोकाची जोडणी आणि पेटी यांचे रकाने वेगळे असतात. एका रकान्यात 'साधारण १९३०' असं लिहून मोकळं होणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

तिसरी गोष्ट माप. आपल्याकडचे वायरमन आजही 'तीन-बावीस', 'तीन-वीस', 'सात-वीस' म्हणतात. हे ब्रिटिश स्टँडर्ड वायर गेजचे आकडे: तीन-बावीस म्हणजे बावीस गेजच्या तीन तारा. बावीस गेज म्हणजे ०.७१ मिलिमीटर, वीस गेज म्हणजे ०.९१. आपल्याकडे १९५६ चा मापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं मेट्रिक मापं आली. त्यानंतर हळूहळू वायरी चौरस मिलिमीटरमध्ये मोजल्या जाऊ लागल्या. तेव्हा मायक्रोमीटरनं एका तारेचा व्यास मोजा. ०.७१ च्या तीन तारा मिळाल्या तर जुन्या मापाची वायर. ॲल्युमिनियमची एकच तार १.४० किंवा १.८० मिलिमीटरची मिळाली तर ती मेट्रिक. पण एखाद्या जुन्या वायरमननं मुलाखतीत 'इथे आम्ही सात-वीस टाकली' असं सांगितलं म्हणून ती गेजच्या काळातली ठरत नाही. बोलीत माप टिकून राहतं, कारखान्यात बदललेलं असतं. मौखिक इतिहास करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आता रंग. इथे इतिहास आणि जीव दोन्ही पणाला लागतात. आपली रीत लाल, पिवळा, निळा हे तीन फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थ. पण सुरुवातीच्या रबरी वायरीवरचं सुती विणकाम डांबरी लेपानं आणि धुळीनं काळंच होतं, त्यामुळे तिथे रंग हा पुरावाच नाही. त्याहून वाईट परिस्थिती परदेशी यंत्रांची. युरोपीय रीतीत निळा न्यूट्रल असतो, आपल्याकडे निळा फेज. बाहेरून आलेलं यंत्र इथल्या वायरिंगला जोडलेलं असेल तर जोडणीच्या पेटीत एकच निळा रंग दोन उलट अर्थांनी हजर असतो. जर्मन यंत्र जुनं असेल तर आणखी गंमत, खरं तर गंमत नाही: तिथे १९६० च्या दशकात नवा नियम येईपर्यंत अर्थच्या वायरीला लाल रंग असायचा. आपल्या माणसाच्या हाताला लाल म्हणजे जिवंत फेज असंच वळण असतं. लालला अर्थ समजून बाहेरच्या आवरणाला जोडणं किंवा फेज समजून तोडणं, दोन्हीचा परिणाम सारखाच भयंकर. गिरण्यांनी यंत्रं कुठून आणली हा आर्थिक इतिहासाचा प्रश्न. पेटीत रंगांची सरमिसळ पाहिली की त्याचं उत्तर मिळतंच, पण ते बघायला जिवंत राहायला हवं.

असाच दुसरा सापळा म्हणजे दोन्ही बाजूंचे फ्यूज. डीसीच्या आणि सुरुवातीच्या दोन तारांच्या कामात दोन्ही तारांवर फ्यूज ठेवायची रीत होती, आणि तेव्हाच्या विचारानं ती बरोबरही होती. तीच फळी पुढे एसीला जोडली गेली आणि एक तार न्यूट्रल झाली. आता समजा न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला. दिवा विझतो, पंखा थांबतो, सगळं मेलेलं दिसतं. फेज मात्र होल्डरपर्यंत तसाच पोचलेला असतो. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत न्यूट्रलवर सुटा फ्यूज किंवा स्विच ठेवायला मनाई होती. असे नियम कागदावर येतात तेव्हा त्यांच्यामागे अपघात असतात. संगमरवराच्या किंवा स्लेटच्या फळीवर जोडीजोडीनं बसवलेले चिनीमातीचे कटआउट दिसले तर दोन नोंदी करा. एक इतिहासाची: ही फळी कदाचित डीसीच्या काळातली, किंवा त्या काळाच्या सवयीनं बसवलेली. दुसरी स्वतःसाठी: इथे 'दिवा लागत नाही' याचा अर्थ 'वीज नाही' असा होत नाही.

बंद गिरणीतही वीज असते, हे नव्या मुलांना पटायला वेळ लागतो. १९८२ च्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या, पण आवारात पहारेकऱ्याची खोली, गोदाम, भाड्यानं दिलेली शेड यांना वीज लागते. ती कधी कधी जुन्याच केबलमधून, कधी शेजारच्या दुसऱ्या जोडणीतून उलटी आलेली असते. मेन स्विच खाली ओढला म्हणजे काम झालं असं नाही. म्हणून पद्धत अशी: परवानाधारक वायरमन सोबत हवा, स्विच बंद करून कुलूप त्याच्या हातानं, आणि तपासणीचं साधन आधी चालू जागेवर तपासायचं, मग आपल्या वायरीवर, मग पुन्हा चालू जागेवर. खिशातल्या निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. मेगरचा मोहही आवरा. लो-व्होल्टेज वायरिंगसाठी ५०० व्होल्टवर एक मेगओहम ही किमान अपेक्षा नियमांत आहे, पण शंभर वर्षांच्या रबरावर ५०० व्होल्ट देऊन त्यातून इतिहास काही कळत नाही. ती चाचणी इमारत पुन्हा वापरात आणणाऱ्या इंजिनीअरची. आपण बघतो, मोजतो, फोटो काढतो. जुन्या कटआउटमधल्या पांढऱ्या कापडासारख्या गादीला हात लावू नका, ते बऱ्याचदा ॲस्बेस्टॉस असतं.

आता अडचण अशी की वायर सहसा सापडतच नाही. गिरणी पाडायच्या आधी, कधी कधी बंद पडल्यावर पहिल्याच वर्षी, तांबं निघून जातं. भंगारात त्याला भाव आहे. दिनदर्शिका, रजिस्टरं, नकाशे नंतर जातात. तांबं आणि शिसं आधी. मग उरतं काय? चिनीमातीचे क्लीट उरतात, त्यांना कोणी विचारत नाही. छतातले हुक उरतात. लोखंडी पाइप गंजून का होईना, राहतो. आणि भिंतीवर सावली उरते. केसिंगच्या पट्टीवरून चुन्याचे हात पुन्हा पुन्हा मारलेले असतात, पट्टी काढली की मागे जुन्या रंगाचा सरळ पट्टा दिसतो. त्या पट्ट्याची रुंदी मोजली, चुन्याचे थर मोजले, तर पट्टी किती मोठी होती आणि ती बसवल्यावर किती वेळा भिंत रंगवली याचा अंदाज येतो.

हुकांचं अंतर तर मला अत्यंत बोलकं वाटतं. दिव्यांच्या जागा फक्त जिन्याजवळ आणि मधल्या वाटेवर असतील तर उजेड ये-जा करण्यापुरता होता. त्या ओळीनं, ठरावीक अंतरावर, खात्याच्या पूर्ण रुंदीत असतील तर उजेड साच्यांसाठी होता, म्हणजे सूर्य मावळल्यावर तिथे काम होत होतं किंवा तशी तयारी तरी होती. साचे कधीच भंगारात गेलेले असतात, पण छतातल्या ओळींवरून खाली ते कसे मांडले होते याचा नकाशा काढता येतो. यावरून रात्रपाळी सिद्ध होत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहायचं. वायर शक्यता सांगते, तास सांगत नाही. तास कागदांत शोधायचे.

त्यासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे, १८७५ मध्ये स्थापन झालेल्या गिरणी मालक संघाचे वार्षिक अहवाल आहेत, आणि कारखाना चौकश्यांच्या साक्षी आहेत. साक्षींमध्ये दिवे किती वाजता लागतात आणि भोंगा किती वाजता होतो यावर थेट प्रश्न-उत्तरं येतात. मालक एक वेळ सांगतात, कामगारांच्या बाजूचे लोक दुसरी. तिथे छतातले हुक मोजलेला कागद तुमच्या हातात असेल, तर निदान त्या खोलीत अंधारात काम शक्य होतं की नव्हतं, एवढ्या एका मुद्द्यावर तुम्हाला दोघांपैकी कोणावरही विसंबावं लागत नाही.